तिसरा गळ

कुणाला पटो न पटो, हे धर्माबादला घडलंय. गेल्या फेब्रुवारीत, शनिवारी, दिवस मावळायच्या जरा आधी. सादिया माझी सख्खी मावसबहीण. तिनं सांगितलं तेवढंच लिहिते.

तिचा नवरा अकरम दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच गोदावरीवर मोठ्या मिशीवाल्या माशासाठी जाणार होता. सोबत शेजारचे केरबाकाका. त्यांची हयात नदीवर गेलेली.

नवी काठी, रीळ, शिशाचे तुकडे, गळ... सगळं चटईवर पसरलं होतं. सादियाचा हात शिवणकामात बसलेला, म्हणून गाठी मारायचं काम तिच्याकडं.

"आवळायच्या आधी गाठ थुंकीनं ओली करायची, भाबी," काका म्हणाले. "कोरडी आवळली की नायलॉन जळतंय. मासा तोडून पळतोय."

"सादियानं बीएस्सी केलं ते याच्यासाठीच," अकरम हसला.

"आन् दोनच बांधा. जेवढे जाणार तेवढेच गळ. ज्याचा गळ त्याचीच थुंकी. जास्तीचा बांधला की नदीला वाटतं, अजून कुणी येऊन राहिलंय."

दोघांनी आपापली गाठ ओठाला लावली. सादियानं आवळली. मग ते गांडुळं काढायला ओढ्याकडं गेले.

पाच वर्षांची हानिया चटईवर खेळत होती. सादिया आमिषासाठी कणीक मळून आली.

चटईवर तीन गळ होते.

तिसऱ्याची गाठ... ओली.

आपणच चुकून बांधला असेल. तिनं कात्रीनं गाठ तोडली, गळ डब्यात टाकला आणि हात धुवायला आत गेली.

तेवढ्यात बाहेरची पिठाची गिरणी थांबली. चिमण्याही गप्प झाल्या.

मग आवाज आला. कर्र... कर्र...

रीळ फिरत होतं.

ती धावत आली. हानिया मागच्या दाराकडं तोंड करून बसली होती. रिळाची दोरी तिच्या मुठीतून जाऊन बंद दाराच्या फटीखालून बाहेर गेली होती.

ताणलेली.

दोरीला हिसका बसला. हानिया बसल्या जागी हातभर पुढं सरकली.

"सोड. हानिया, सोड ते."

"अम्मी, माझा गळ हाय."

"कुणी बांधला?"

"बाहेरच्या काकांनी. म्हणाले, तुझी थुंकी लाव."

सादियानं मुठीलगत दोरी कापली. कापलेलं टोक सावकाश... फटीखालून निघून गेलं.

कडी आतून होती. तिनं दार उघडलं. मागच्या अंगणाला चारी बाजूंनी भिंत, तारेवर वाळलेले कपडे. कुणी नाही.

डब्यातला गळही नव्हता.

केरबाकाकांनी परत आल्यावर सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पोरीच्या थुंकीची गाठ कुणाकडं राहिली?"

सादियानं दाराकडं बोट केलं.

काका चहा न घेता उठले. अकरमनं काठी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली.

हानिया आता उदगीरला, नानीकडं असते. तिथून गोदावरी लई लांब. तरी सादिया रोज संध्याकाळी फोन करते. पोरगी बोलत राहते, आणि ही ऐकत असते... तिच्या बोलण्यामागं पाणी वाहतंय का.

परवा सादियानं फोन माझ्या कानाला लावला.

मला काहीच ऐकू आलं नाही, असं मी तिला सांगितलं.