दार शेवटी

त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळातला. सोलापुरात भरली घागर सोन्यासारखी जपायचे दिवस. बाळीवेशीतल्या संगप्पानं पुतणीला हाक मारली नि कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली तिच्यापुढं टाकली.

"झाडून घे. टॉवेलवाला संध्याकाळी बघायला येणार हाय. गोदाम करतो म्हणालाय."

बोलता बोलता त्यानं गाल धरला. खालची दाढ कित्येक वर्षांची किडकी, पण माणूस हट्टी. काढून घेईल तर शपथ.

दाक्षायणीनं किल्ली उचलली. आईबाप लहानपणीच गेले, काकाच्या घरात वाढली. परक्या ताटात जेवणाऱ्याला उलट बोलायची सवय कुठून लागणार?

ती खोली चिनी डॉक्टरची. लिऊअज्जा म्हणायची ती त्याला, अज्जा म्हणजे आजोबा. दातांचा दवाखाना होता त्याचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कुंचला पाण्यात बुडवून शहाबादी फरशीवर तो तिला चिनी अक्षरं शिकवायचा. पाणी वाळलं की फरशी कोरी, पुन्हा काढ. चौथीतूनच शाळा सोडवलेल्या पोरीला अख्ख्या सोलापुरात शिकवणारा तेवढा एकच निघाला. रेघांचा क्रम चुकला की कुंचल्याचा दांडा बोटांवर बसे. चौकटीचं अक्षर आलं की म्हणे, "आधी भिंती. मग आतलं माणूस. दार शेवटी. आधीच लावलंस तर माणूस येणार कुठून?"

बासष्टच्या लढाईत पोलीस आले, तेव्हा तो तिला 'परत येणं' शिकवत होता. मोठी चौकट, तिच्या पोटात लहान चौकट. खालची रेघ तेवढी राहिली होती. त्यानं कुंचला तिच्या हातात दिला. "दार मी आल्यावर लावीन. तू लावू नको." पुढं चिन्यांना कोंडलेल्या छावणीतच वारला म्हणून कळलं. त्याचा गुन्हा काय, तर चिनी म्हणून जन्मला.

तर दाक्षायणी झाडून उठली. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आणि लवंगेच्या तेलाचा वास आला. दुखऱ्या दाताला लावायचं, ते तेल. खोलीत तर काडीही शिल्लक नव्हती.

मग फरशीवर एक ओली रेघ उमटली. वरून खाली, सावकाश.

दुसरी रेघ आडवी गेली, कोपऱ्यात वळली, खाली उतरली. मग आतली लहान चौकट. क्रम कुठं चुकला नाही. खालची बाजू उघडी ठेवून रेघा थांबल्या, दारातून येणाऱ्या झळांनी वाळल्या. आणि पहिली रेघ पुन्हा उमटू लागली.

"अज्जा...?"

"कुणाशी बोलालीस?" संगप्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. फरशी बघितली नि त्याचा चेहरा उतरला. "हे... कवापासनं?"

"आत्ताच."

"ती खालची रेघ वढ. दार लाव त्याचं नि मोकळी हो. लहानपणी दिवसभर तेच घोकायचीस की."

"न्हाय ओढणार."

"काय म्हणालीस?"

ती त्याच्याकडं वळली. "पोलीस आले तवा ह्या खोलीकडं बोट कुणी केलं, मी बघितलंय काका. एकदा अज्जाला घालवलात. पुन्यांदा न्हाय घालवू देणार. मी शब्द दिलाय."

"माझ्या घरात मलाच शिकवतीस?" संगप्पा आत घुसला, तांब्यात बोट बुडवलं आणि खसकन रेघ ओढली. उजवीकडून डावीकडं, उलटी.

मागं दार आपटलं. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला.

खोलीला खिडकी नव्हती. अंधारात लवंगेचा वास घशाशी दाटला. मग अज्जाच्या दात कोरायच्या, पायानं चालवायच्या यंत्राचं चाक फिरू लागलं. घर्र... घर्र... ते यंत्र संगप्पानं केव्हाच भंगारात विकलं होतं.

"दाक्षायणी... कोण हाय गं... माझं तोंड..." संगप्पाचं पुढचं बोलणं तोंडात बोळा कोंबल्यासारखं झालं.

ती रांगत गेली. फरशी चाचपली, ओल लागली तिथं पदर घासला. खालची रेघ पुसली. "अज्जा, सोडा त्यास्नी. दार उघडं हाय. मी लावलं न्हाय."

चाक थांबलं. दार आपसूक उघडलं, ऊन आत आलं. संगप्पा भिंतीला टेकून आ वासून बसला होता. रक्ताचा टिपूस नाही. किडकी दाढ मात्र फरशीवर होती, लहान चौकटीच्या बरोबर आत.

"टॉवेलवाल्याला न्हाय म्हणून सांगा," दाक्षायणी म्हणाली. "भाडेकरूनं खोली सोडलेली न्हाय अजून."

संगप्पा गाल धरून उठला नि टॉवेलवाल्याकडं निघाला.

आता किल्ली तिच्याच कमरेला असते. रोज दुपारी ती फरशीपाशी जाऊन बसते. काकू बाहेरून हाका मारून दमते, उंबरा काही ओलांडत नाही. अलीकडं ती खालची रेघही उमटू लागली आहे. डावीकडून उजवीकडं, क्रमानं, रोज बोटभर पुढं. आल्यावर दार लावीन, असं अज्जा म्हणाला होता. रेघ पुरी होईल त्या दुपारी आपण त्याच्यासोबत बंद दाराच्या आत असणार, हे दाक्षायणीला कळतं. तरी ती उठत नाही.