कुडावरचं बी

रेल्वेत खलाशी असलेल्या महादूला साहेबाने एकाच दिवसाची रजा दिली होती, आणि तेवढ्यात त्याला मुरबाडच्या पुढे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, ताराबाईला, कायमचं आसनगावला आणायचं होतं. बासष्ट सालचा पौष होता, पण थंडीने यंदा दांडीच मारली होती. एसटीतून उतरून दोन कोस चालताना खांद्यावरचं घोंगडं त्याला ओझं झालं.

ताराबाईचं घर गावाच्या टोकाला, अगदी शेवटचं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. अकरा वर्षांची एकुलती लेक, यमू, अश्विनात तापाने गेली. तेव्हापासून ती बाई दिवसचे दिवस कुणाशी बोलत नसे. दिवाळीत महादूने तिची गाय आपल्याकडे नेली, गायीच्या मागे बहीणही येईल म्हणून. गाय आली, बहीण हलली नाही. आज मात्र हाताला धरून न्यायचंच, असं तो ठरवून आला होता.

परसात पाऊल टाकलं आणि तो थबकला. मांडवावर काकडीचा वेल पसरला होता. पिवळी फुलं, हातभर काकड्या, ओल्या मातीचा वास. आषाढात लावायची काकडी, ती पौषात.

"हे काय गो बाय?"

"उबारा हाय ना यंदा. कुडावरचं बी आपसूक रुजलं. मी नाय लावलं."

कुडावरचं बी हे यमूचं काम. पिकल्या काकडीचं बी शेणात कालवून ती दरसाल घराच्या मागच्या कुडाच्या भिंतीवर थापायची आणि वर पंजा दाबायची. पावसाळ्यापर्यंत बी तिथे सुखरूप राही. ते काढून घेतल्यावरही सारवताना ताराबाई तेवढी जागा सोडून देई, म्हणून पाच वर्षांचे पाच पंजे तिथे ओळीने दिसत. प्रत्येक पंजा मागच्याहून जरा मोठा.

वेलाचं बूड जमिनीत नव्हतंच. पाचव्या पंजाच्या बोटांमधून निघून तो मांडवावर चढला होता.

कुडाला मातीच असते, महादूने स्वतःला समजावलं. असल्या गोष्टींना तो भीक घालणारा नव्हता.

"चल बाय, पाचची एसटी हाय. पोरं वाट बगतान."

"येलाला पानी कोन घालंल?"

"गावात सांगू कुनाला तरी."

"गावात माज्याशी कोन बोलतंय?" ताराबाई हसून म्हणाली. "यमू गेली तवा चार दिस आली मानसं. मंग आपापल्या कामाला लागली. तू पन."

महादूला ते फार लागलं. खोटं तर नव्हतंच. तिच्याकडे बघवेना म्हणून तो कुडाकडे बघत राहिला.

पाचव्या पंजाच्या पलीकडे आणखी एक थाप होती. हिरवट. त्याने बोट लावलं, तर बोटाला ओलं शेण आलं.

"कुनाकडनं शेन आनलंस?"

"नाय आनलं."

"मंग?"

ती काकड्या तोडत राहिली.

त्याने त्या ठशावर हात धरून पाहिला. त्याच्या हातापुढे तो लहान होता. ताराबाईच्या हातापुढेही लहानच.

पण पाचव्यापेक्षा मोठा.

नंतर त्याने चलायचा आग्रह केला नाही. ताराबाईने त्याच्या फडक्यात चार काकड्या बांधल्या आणि कुंपणापर्यंत सोडायला आली. तिचा चेहरा किती दिवसांनी असा निवलेला दिसत होता. त्याचीच त्याला भीती वाटली.

"म्हादू, शिमग्याला येशील तवा बाजारातनं हिरव्या बांगड्या आन," ती म्हणाली. "दोनच्या मापाच्या नको. सव्वादोनच्या बग. जुन्या आता हातात चढत नायत."