चाक हलवणारा

दिवा एवढाच राहू द्या. मोठा केलात की मला तुमचे चेहरे दिसतात, आणि मग सांगताना मी अडखळतो.

मी तेव्हा डोंगरावरच्या वस्तीतले पेशंट खालच्या हॉस्पिटलात न्यायचो. त्यांतल्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, किडन्या गेलेल्या. दिवसाआड डायलिसिस. एक फेरी चुकली तरी पाय खांबासारखे सुजायचे आणि धाप लागायची. त्यामुळे माझ्या गाडीला आजारी पडायची परवानगी नव्हती.

त्या दुपारी बाईंना घेऊन निघालो, तर डाव्या पुढच्या चाकाकडून आवाज यायला लागला. खट. स्टेअरिंग वळवलं की खट, खड्डा आला की खट. पुढे सगळी उतरण आणि वळणं. उतरणीच्या तोंडाशीच माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं, दाजींचं गॅरेज होतं. गाडी तिथे आत घातली.

"बॉल जॉइंट बघून घेऊ," दाजी म्हणाले.

चाकाला गाडीशी धरून ठेवणारा तो सांधा. आपल्या खुब्यासारखाच, वाटीत गोळा. झिजला की ढिला होतो, आणि एखाद्या दिवशी गोळा वाटीतून निसटला की चाक आडवं पडतं. उतरणीवर पडलं तर मग बोलायला कुणी उरत नाही.

बघायला दोघं लागतात. चाक जॅकवर उचलायचं, एकाने ते वर-खाली धरून हलवायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून सांध्यावर बोट ठेवायचं. ढिलेपणा डोळ्यांआधी बोटाला कळतो. खाली नेहमी मीच जायचो. दाजींच्या पोटाला गाडीखाली जागा नाही, हा ताईचा ठरलेला विनोद होता.

बाहेर धुकं उतरलं होतं. भर दुपारी गॅरेजात संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. बाई शाल गुंडाळून भिंतीकडच्या बाकावर बसल्या. दाजींनी चाक जॅकवर उचललं. मी पोत्यावर पाठ टेकली आणि सरकत आत गेलो. जुन्या ऑइलचा, ओल्या लोखंडाचा वास. छातीवर गाडीचं काळं पोट. सांध्याच्या रबरी टोपीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हलवा."

चाक हललं. बोटाखाली अगदी बारीक 'टक' झालं.

"लागतंय का?" वरून हलक्या आवाजात प्रश्न आला.

"लागतंय. अजून हलवा."

पुन्हा हललं. सावकाश, माया केल्यासारखं. दर वेळी टक जरा मोठं. गोळा वाटीत डुगडुगताना मला स्पष्ट कळत होता.

"आता...?"

"हो... गेलाय हा."

मग हलणं थांबलं. मी वाट पाहिली. शेवटी सरकत बाहेर आलो, तर चाकापाशी कुणीच नव्हतं. दाजी मागच्या खोलीतून पहार घेऊन येत होते.

"तू आधीच खाली जाऊन आलास? माझी पहारच सापडेना."

"मग आत्ता चाक कोण हलवत होतं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुमचे भाऊ होते ना," बाई सहज म्हणाल्या. "जुळे आहात का हो तुम्ही? नेहमी गाडीत तुमच्या शेजारी बसतात ते."

मला भाऊ नाही. माझ्या शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली आणि पुसायचं फडकं, याशिवाय कधी काही नसतं. हे बाईंना सांगावं की नाही, तेच कळेना. आजारात माणसाला भास होतात, मी मनाशी म्हटलं. पण माझ्या बोटाला कसला आजार?

दाजींनी चाक धरून हलवलं. मी पुन्हा खाली गेलो. सांधा दगडासारखा घट्ट. पहार घालून उचकटून बघितलं, तरी हूं की चूं नाही.

"चांगला आहे रे," दाजी म्हणाले. "तुला वाटलं असेल."

"दाजी, माझ्या बोटाला लागत होतं."

"जायचं की नाही ते सांग. बाईंचा श्वास बघ."

बाईंना धाप लागायला लागली होती. गेलो. सगळी उतरण पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने. शेजारच्या सीटकडे मी मान वळवली नाही. मागे बाई डोळे मिटून बसल्या होत्या. बाईंना आत पोहोचवलं. त्यांचा भाचा रात्री न्यायला येणार होता, म्हणून रिकामी गाडी घेऊन मी वर आलो.

दाजी गॅरेजच्या पायरीवर बसले होते, धुक्यात, दार मागे उघडं टाकून. आत दिवा लावला नव्हता.

"उजव्या बाजूचा बघू," ते एवढंच म्हणाले.

जॅक लावला. पहारीचा नुसता धक्का बसला आणि गोळा वाटीतून सटकून बाहेर आला. चाक आडवं झुकलं. आम्ही दोघं ते बघत राहिलो. खट-खट उजवीकडची होती, लोखंडातून फिरून डावीकडे ऐकू येत होती. त्या सांध्यावर मी डोंगर उतरलो होतो आणि चढलोही होतो.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तू गेल्यावर मी आत हात धूत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, दुसरी बाजू बघायची राहिली..." दाजी थांबले. "मला वाटलं, तूच परत आलास. आवाज तुझाच होता. वळलो, तर कुणी नाही."

मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला. ताप बघतात तसा. आणि हात पटकन काढून घेतला. का, ते मी विचारलं नाही.

दोन्ही बाजूंचे सांधे नवे घातले. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी बाईंच्या दारात गाडी उभी केली. बाई काठी टेकत आल्या, मागचं दार उघडून बसल्या, शाल सारखी केली. मी गाडी सुरू केली. तेव्हा त्या पुढे वाकल्या आणि वर्गात हजेरी घेतात तशा शांत आवाजात त्यांनी विचारलं,

"आज तुमच्यापैकी कोण चालवतंय?"