माळ्यावरचा खळगा

ठेकेदाराने आपल्याला फसवलं हे थोरलीला माळ्यावर गुडघ्यांनी थोडं पुढे सरकल्यावर कळलं. थंडी अडवणारी काचलोकर, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, अंथरली होती खरी, पण शिडीवरून डोकं वर काढलं की दिसेल तेवढ्याच भागात. पुढे, नेमकी आईच्या खोलीवर, उघड्या तुळया आणि धूळ. आणि हाच माणूस छातीठोकपणे सांगून गेला होता, की बाई, हिवाळ्यात पंखा लावायची पाळी येईल तुमच्यावर.

खोली इतकी गार पडायची की अंथरुणाला खिळलेल्या आईचा खोकला थांबत नसे. धाकट्या भावाने बजावूनच ठेवलं होतं, "ताई, यंदाही असंच असेल तर मी आईला वृद्धाश्रमात ठेवतो. तिथे निदान ऊब तरी आहे." आईला हे घर सोडायचं नव्हतं आणि थोरलीला आई सोडायची नव्हती.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं म्हणून तिने काम स्वतःच अंगावर घेतलं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये उभी हयात गेलेली बाई ती, नियम म्हणजे नियम. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा. बसायला तुळयांवर आडवी फळी, कारण दोन तुळयांच्या मधे पाय पडला तर तो थेट खालच्या खोलीत लोंबकळतो. वळचणीशी हवेला वाट ठेवायची, नाहीतर लाकूड कुजतं. दिव्याच्या वायरी झाकायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे लोकर दाबायची नाही. ऊब धरते ती लोकरीत अडकलेली हवा. दाबली की ती नुसती चिंधी.

रविवारी काम संपलं. एका मोज्याच्या कडेतून काचेचे तंतू शिरून मनगटावर लाल पुरळ उठलं, तेवढंच. संध्याकाळी आईची खोली छान उबदार होती.

सोमवारी लॅबमधून आल्यावर ती सहज वर डोकावली. आईच्या पलंगाच्या बरोबर वर लोकर दबलेली होती. लांबट खळगा, एका टोकाला जरा खोल. कोणीतरी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखा.

थोरलीला भीती वाटली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा रविवार तिने त्या धुळीत घालवला होता, तो कोणा उपटसुंभाने येऊन लोळावं म्हणून नव्हे.

ओळीतल्या घरांचे माळे एकमेकांना लागून होते, मधे कमरेएवढीच भिंत. ती तडक शेजारच्या घड्याळजींच्या दारात उभी राहिली.

"काका, तुमच्याकडून माळ्यावर कोण येतं?"

"अगं, मला पलंगावर चढायला स्टूल लागतं," घड्याळजी म्हणाले. "आणि घरात माझ्याशिवाय आहे कोण?"

मग तिने धाकट्याला फोन लावला. घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

"आईला न्यायला निमित्त हवंय म्हणून खोली मुद्दाम गार करतोयस ना?"

"ताई, तू जरा झोप घे."

तिने खळगा हलक्या हाताने उकलून पुन्हा फुलवला. मधल्या भिंतीवर प्लायवूड ठोकलं. शिडीवरच्या, माळ्याच्या झाकणाच्या चारही कडांना चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनाने सही केली. दुसऱ्या दिवशी सही जशीच्या तशी होती. वर खळगा होता, आदल्या दिवसापेक्षा खोल, आणि आता दुसऱ्या कुशीवरचा. तिने मोजा काढून आत हात ठेवला. लोकर कोमट लागली.

खाली आई मात्र खुशीत होती. "पाठीला किती मऊ लागतं गं आता," ती म्हणाली.

तिला पुसून घेताना थोरलीला तिच्या पाठीवर बारीक लाल पुरळ दिसलं. कपडे धुवायची नवी पावडर तिने त्याच पावली कचऱ्यात टाकली. आई हाताला हलकीही लागत होती, उचलायच्या आधीच उठून आल्यासारखी. भूक मारणाऱ्या गोळ्या देतात, म्हणून तिने डॉक्टरांनाही फोनवर चार शब्द सुनावले. जगात कोणालाच आपलं काम धड करता येत नाही, असं तिचं मत झालं होतं.

बुधवारी खळगा जवळजवळ खालच्या छताला टेकला होता.

तिने पलंगावरची चादर बदलली, आईला नीट निजवलं आणि लॅबला दांडी मारली. दिवसभर ती शिडीखाली खुर्ची टाकून बसली. झाकण हललं नाही. संध्याकाळी ती फळ्या आणि स्क्रू घेऊन वर गेली.

खळगा तिथेच होता, ताजा.

लोकर दाबायची नाही हा नियम तिला पाठ होता. तरीही तिने खळग्यावर फळी ठेवली, गुडघ्याने रेटली आणि दोन्ही टोकांना तुळईत स्क्रू पिळले. मग शेजारी दुसरी फळी. मग तिसरी.

"आता झोप म्हणावं," ती मास्कमधूनच म्हणाली.

खाली आली तेव्हा आई छताकडे बघत होती.

"छातीवर काय ठेवलंस गं?"

"काही नाही, आई."

"काढ ना. वळता येत नाही मला."

थोरलीने पांघरूण बाजूला केलं. छातीवर काहीच नव्हतं. आईला कुशीवर वळवायला तिने पाठीखाली हात सारला. हात कुठेच अडला नाही, या कडेने गेला आणि त्या कडेने बाहेर आला.

तिने वाकून पाहिलं. सकाळपासून आई तिथेच निजली होती. तिच्याखालची चादर सपाट होती, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.