यजमानांच्या नावाचा रकाना

वाचकहो, ही कल्पनेची भरारी नव्हे. ज्याच्या बाबतीत हे घडले, तो महांतेश माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि असत्य बोलणे त्याच्या स्वभावात नाही.

ती रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

सन १९९९ च्या संक्रांतीनंतरची भर दुपार होती. स्थळ होते धारूरच्या बाजारपेठेतील संगणकाचा क्लास.

हा क्लास महांतेश व त्याचा भागीदार सुंदरराव यांनी नुकताच उघडला होता. विद्यार्थी मिळावेत या हेतूने त्यांनी गल्लीतील स्त्रियांचे हळदीकुंकू तेथेच ठेवले. आपल्याकडे स्त्री नवऱ्याचे नाव सहसा तोंडाने घेत नाही. म्हणून महांतेशने एक छोटा प्रोग्राम रचला होता. पडद्यावर दोन रकाने. वर 'तुमचे नाव', खाली 'यजमानांचे नाव'. दोन्ही टाइप करून बटण दाबले की उखाणा उमटे...

'बालाघाटाच्या माथ्यावर सीताफळाची बाग, अमुकरावांचं नाव घेते, सोडा आता राग.'

खालचा रकाना रिकामा राहिला, तर मात्र 'टिंग' असा आवाज होई आणि 'यजमानांचे नाव नाही' अशी सूचना येई.

स्त्रिया हसत होत्या. एकेक अक्षर शोधून बोटाने दाबत होत्या. सर्वांचे उखाणे बिनचूक उमटले.

मग रोहिणी बसली.

ती महांतेशच्या मित्राची, राजेश्वरची पत्नी. राजेश्वर पुण्यास नोकरीला होता आणि त्याच दिवशी रजेवर घरी येणार होता. तिने लाजत त्याचे नाव टाइप केले. अक्षरे सर्वांनी पाहिली. तिने बटण दाबले...

टिंग.

यजमानांचे नाव नाही.

रकाना कोरा होता.

"यंत्राला बी लाज वाटतीया राजेश्वरभाऊची," छबुबाई म्हणाल्या आणि हशा पिकला.

रोहिणीने पुन्हा टाइप केले. पुन्हा टिंग. महांतेशला सुंदररावाचा संशय आला. सुंदररावास त्याच्या प्रोग्रामची थट्टा करण्याची सवयच होती. परंतु तो तर दाराशी सरबत वाटत होता. मग महांतेशने स्वतः ते नाव टाइप केले.

टिंग...

रोहिणी आता हसत नव्हती. ती उठून खिडकीपाशी गेली आणि रस्त्याकडे पाहत राहिली.

स्त्रिया तिळगूळ घेण्यात गुंतल्या. वरच्या रकान्यात रोहिणीचे नाव तसेच होते. दोष वरच्या नावात आहे की खालच्या, हे तपासण्यासाठी महांतेशने खाली सुचेल ते नाव टाकले. सुचले ते स्वतःचेच.

टिंग झाले नाही.

'...महांतेशरावांचं नाव घेते, सोडा आता राग.'

त्याने घाईघाईने यंत्र बंद केले. वळून पाहतो तो पाठीमागे राजेश्वरच्या आई, उमाबाई, उभ्या. त्यांनी वाचले की नाही, हे त्यांच्या मुद्रेवरून कळेना.

दिवेलागणीस निरोप आला. राजेश्वरची जीप दुपारीच घाटात कोसळली होती.

यथावकाश उमाबाईंनीच पुढाकार घेऊन सुनेचे लग्न महांतेशशी लावून दिले. एवढी स्थळे असताना तोच का, असे लोकांनी विचारले. त्या एवढेच म्हणाल्या, "ते ठरलंच हाय."

पुढे क्लास बंद पडला. यंत्र घरी आले. तो प्रोग्राम पुसून टाकण्याचे धैर्य मात्र महांतेशला झाले नाही.

गेल्या संक्रांतीस तो आतल्या खोलीत तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करीत होता. मधूनच उठणे योग्य नव्हते. तेवढ्यात बाहेरून खटखट ऐकू आली. कोणीतरी सावकाश, एकेक अक्षर शोधत होते...

मग शांतता.

मग...

टिंग.

पूजा आटोपून तो बाहेर आला, तेव्हा रोहिणी यंत्र बंद करून काळ्या पडद्यासमोर बसली होती.

"काय बघत होतीस?"

"कुठं काय? घेतलं की त्यानं तुमचं नाव."

"मग वाजलं कावून?"

"काईच न्हाई वाजलं."

आवाज आपल्याच कानांत राहिलेला असेल, अशी समजूत महांतेश करून घेतो.

परंतु त्या दिवसापासून रोहिणी त्याला घाटातून एकट्याने जाऊ देत नाही.