धुळाजींच्या घरची भाकरी

"माउली, ही भाकर कोणाच्या घरची?"

सुकन्याने वर पाहिलं आणि तितक्याच घाईने मान खाली घातली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भाकरीच्या पाट्यांमध्ये एक पोरगा उभा होता. श्रावणाची भुरभुर त्याच्या केसांवर बसली होती, आणि हातात होती तिने आत्ताच पाटीत घालून दिलेली भाकरी.

"आमच्याच," ती म्हणाली. "आणि अशी उचलून बघायची नसती. नैवेद्य व्हायचाय अजून."

"बघूनच राहिलोय फक्त. लई सुबक हाय... कड कुठं फाटली न्हाई."

ट्रॅक्टर पुढे गेला तरी सुकन्या दारातच उभी. भर गल्लीत, हरिनाम सप्त्याच्या कामात, एक परका पोरगा एका मुलीच्या घरची भाकरी वाखाणतो? असं कधी कुणी ऐकलं होतं का?

सप्ता गावचा, पण भाकरी घराघरातली. आमटी मंडपात शिजते, आणि भाकऱ्या रोज सकाळी ट्रॅक्टर दारोदार फिरून गोळा करतो. सुकन्याला या प्रथेचा भारी अभिमान. एकाच्या चुलीवरची भाकरी दुसऱ्याच्या ताटात जाते म्हणून तर गावाला गाव म्हणायचं, असं तिचं ठाम मत. मतं तिच्याकडे पुष्कळ होती. वय एकोणीस, डोक्यावर ओढणी, गळ्यात तुळशीची माळ. बीडला कॉलेजला जाताना एसटीत ती म्हाताऱ्या बायांशेजारी जागा धरायची आणि देवळाच्या पायरीवर रील काढणाऱ्या मैत्रिणींना फैलावर घ्यायची. गेल्याच महिन्यात कॉलेजात तिने भाषण ठोकलं होतं, की मुलगी कितीही शिकली तरी तिच्या हाताला भाकरी आलीच पाहिजे. टाळ्याही पडल्या होत्या.

पोरगा शेजारच्या गावचा, नाव हनुमान, असं आईकडून कळलं. नाव हनुमान आणि लक्षणं ही! सुकन्याला त्याचाच धक्का जास्त बसला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काल आमटीत हीच भाकर चुरली. बाकीच्यांना हात लावला न्हाई."

"पंगतीत भाकरी निवडून घेत्यात का कुठं?"

"वाढायला मीच होतो की."

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर यायच्या आधीच ती दारात येऊन उभी राहिली. हे लक्षात आलं तेव्हा ती स्वतःवरच चिडली, आत गेली... आणि हॉर्न ऐकून पुन्हा बाहेर आली. त्या दिवशी त्याने नुसतंच हसून पाटी घेतली, आणि तिचा सगळा दिवस त्या हसण्यात गेला.

मग एका सकाळी तो पाटी घेताना हळूच म्हणाला, "सुकन्या..."

माउली नाही, सुकन्या. तिचे कान तापले.

"सप्ता उठताना, काल्याच्या दिवशी आई येणार हाय, तुमच्या घरी. मी सांगितलंय तिला, जन्मभर भाकर खाईन तर याच घरची. तुमची ना असंल, तर आत्ताच सांगा. थांबवतो तिला."

तिला ना म्हणवेना. पाटी त्याच्या हातात देऊन ती आत पळाली आणि कोठीच्या खोलीत जाऊन मटकन बसली. तो तिला आवडला होता. अगदी मनापासून आवडला होता. पण त्या भाकऱ्या तिच्या नव्हत्याच.

दोन वर्षांपूर्वी आईचं, वनमालाबाईंचं मनगट मोडलं ते नीट सांधलंच नाही. सुकन्याची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत फाटायची. शेवटी धुळाजी, तिचे अण्णा, पहाटे दाराला कडी लावून परातीपुढे बसू लागले. गळ्यात वीणा घेऊन उभे राहिले की सारा मंडप ज्यांच्यापुढे गप्प होई, ते धुळाजी! गावाला कळलं असतं तर पारावर हसू झालं असतं. आणि त्या भाषणाचं काय झालं असतं, ते तर बोलायलाच नको.

गप्प बसलं की झालं, जमलेलं जमून जाणार होतं. दुपारभर तिने तेच घोकलं. पण गळ्यातली माळ हाताला लागे आणि माळ घातलेल्याने खोटं वागू नये, हे आठवे.

संध्याकाळी मंडपामागे तो पातेली घासत होता. ती जाऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मला भाकरी येत न्हाई. त्या आमच्या अण्णांच्या हातच्या हायेत."

"ठाव हाय."

"कसं काय?" सुकन्या एक पाऊल पुढे आली.

"आईबाप ऊसतोडीला जायचे," तो पातेलं पालथं घालत म्हणाला. "घरी मी आणि धाकटी बहीण. तवापासून मीच थापतो. बाप्याच्या हातची भाकर लपत न्हाई, बोटांचे ठसे जाड उमटत्यात. म्हणलं, आपल्यासारखं अजून कोण हाय... म्हणून वाकून बघितलं, तर दारात तुमी."

"मग बोलला कावून न्हाई?"

"अण्णांनी झाकलेलं मी कोण उघडं करणार?"

"आणि ते... जन्मभर?"

"अण्णा नसले तर मी हायेच की थापायला."

असं बोलणं तिने कुठल्याच पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती तशीच घरी आली. पण आपण वाटभर हसत होतो, हे तिला उंबऱ्यात आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. पाटीत अण्णांच्या भाकऱ्या होत्या, आणि सगळ्यांत वर एक वाकडी, मधोमध फाटलेली, एका अंगाने करपलेली. हनुमानने ती क्षणभर न्याहाळली आणि बाकीच्यांबरोबर ट्रॉलीत अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर ठेवायला वाकला.

"ती न्हाई," सुकन्या म्हणाली. "ती सप्त्याची न्हाई."

गल्लीतल्या बाया आपापल्या पाट्या धरून थांबल्या.

"मग कोणाची?"

तिच्या डोक्यावरची ओढणी घसरली होती. ती तिने सावरली नाही.

"तुमची."

आतून धुळाजी, काय झालं म्हणून, तसेच बाहेर आले. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते आणि सगळी गल्ली बघत होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, त्या पोराच्या हातातल्या फाटक्या भाकरीकडे पाहिलं, आणि हात पुसायचे सोडून त्याला विचारलं, "चहा घेता का?"