पप्पांची दाढी

रांजणगावच्या एका कारखान्यात मी रंगाची तपासणी करते. कुठं थर पातळ बसला, कुठं बुडबुडा आला, कुठं ओघळ उतरला, ते बघायचं. शिरूरला घरी आल्यावर छंदही तोच. सुपरहिरोंच्या प्लॅस्टिकच्या फिगर आणायच्या, जुना रंग उतरवायचा आणि त्यांना नवा चेहरा द्यायचा.

मोबाईलवर माझं काम पाहून दौंडच्या अनिताताई मुलीला, वैष्णवीला, घेऊन आल्या. वैष्णवीच्या हातात वीतभर उंचीची फिगर होती. "ह्याचा पप्पा करायचा," ती म्हणाली.

तिचे पप्पा, पृथ्वीराज, दिवाळीनंतर कामावर म्हणून बाहेर पडले ते परतलेच नव्हते. पोलिसांत तक्रार झाली होती. अनिताताईंनी फोटो दिला. गुळगुळीत केलेली दाढी, निळा शर्ट.

मी फिगर थिनरनं पुसली, पुट्टीनं केस बसवले, शर्टाची कॉलर घडवली. चेहरा छान उतरला. वार्निश मारून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी गालांवर करडी छटा दिसली. धूळ म्हणून पुसली, जाईना. भिंगातून पाहिलं तर बारीक काळे ठिपके, वार्निशच्या खालून आलेले. सगळा रंग उतरवून पुन्हा दिला. पुन्हा तेच.

अनिताताईंना ते दाखवलं. त्या बराच वेळ फिगरच्या गालावरून बोट फिरवत राहिल्या. "ह्यांनी दाढी केली न्हाई का असंच दिसत्यात," म्हणाल्या आणि तशीच घेऊन गेल्या.

मग त्यांचे फोन येऊ लागले. दाढी वाढलीय. शर्ट विटलाय. शेवटी एका रविवारी दुपारी मी रंगांची पेटी घेऊन दौंडला गेले. टीव्हीशेजारी फिगर उभी होती. दाढी छातीपर्यंत आलेली. मी दिलेला निळा रंग पार उडालेला, कोपराशी शर्ट फाटलेला. गालफडं बसलेली. ती मी कोरली नव्हती.

"म्हंजी जित्ते हायेत कुठंतरी," अनिताताई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता. "ताई, ह्यांची दाढी करा. शर्ट चांगला करा. असं लोकांत फिरायचं, बरं दिसतं व्हय?"

मला ते करायचं नव्हतं. पण वैष्णवी शेजारी येऊन बसली होती. मी केलं. थिनरचा बोळा फिरवताना ते प्लॅस्टिकचे गाल बोटांना कोमट लागले.

मंगळवारी सकाळी अनिताताईंचा फोन आला. "हे आलेत. तुम्ही या."

पृथ्वीराज पलंगावर बसले होते. कोरा निळा शर्ट. दाढी गुळगुळीत, गाल सोलल्यासारखे लाल. खोलीभर थिनरचा वास.

वैष्णवी त्यांच्यापुढं दूधभाताचा घास धरून उभी होती. "पप्पा, आ करा ना."

त्यांना करता येत नव्हतं.

ओठांमध्ये फट नव्हतीच. होती ती एक बारीक तपकिरी रेघ, माझ्या सगळ्यात लहान ब्रशनं ओढलेली.

अनिताताईंनी फिगर माझ्या हातात दिली. "आल्यापास्नं पाणीसुदिक घेतलं न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ताई, तुमच्याकडं ते बारीक ब्लेड असतंय ना?"

पृथ्वीराज माझ्याकडं बघत होते. त्यांनी हळूच हनुवटी वर केली.